वीज इथली, वाटणी कुणाची

नाशिकरोडच्या रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून एकलहऱ्याकडे निघालेल्या माणसाला काही किलोमीटरांत देशाच्या अर्थकारणाची बरीचशी अंगे पाहायला मिळतात. १९२५ साली सुरू झालेले इंडिया सिक्युरिटी प्रेस आणि १९२८ पासून नोटा छापणारे करन्सी नोट प्रेस, दोन्ही नाशिकरोडलाच. पुढे ऊस, कांदा, भाजीपाला, द्राक्षे. मधून कामगारांच्या वस्त्या, वीटभट्ट्या, गोदावरीचे पात्र. आणि सगळ्यांच्या वर उठलेल्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या. आसपासच्या गावांत पत्तासुद्धा ‘थर्मलच्या अलीकडे’ किंवा ‘थर्मलच्या पलीकडे’ असाच सांगतात.

आर्थिक वाढ आणि विषमता या विषयावरच्या पुस्तकाची सुरुवात दिल्लीतल्या आकड्यांपासून करण्याचा प्रघात आहे. हे पुस्तक एकलहऱ्यापासून सुरू होते, आणि त्याला कारण आहे. वीज ही वाढीची पहिली अट. कारखाना, शेतीपंप, दवाखाना, शाळेतला संगणक यांपैकी काहीही तिच्याशिवाय चालत नाही. म्हणून वीज जिथे तयार होते तिथे उभे राहून पाहिले, तर वाढ कशी घडते आणि तिची वाटणी कुठल्या क्षणी ठरते, हे दोन्ही एकाच नजरेत येते. ‘आधी वाढ होऊ द्या, वाटपाचे नंतर पाहू’ हे वाक्य आपण किती वर्षे ऐकतो आहोत! माझे ठाम मत असे आहे की असा ‘नंतर’ कधी नसतोच. जमीन कुणाची घेतली, कामावर कुणाला कोणत्या अटीवर ठेवले, तार कुठल्या दिशेने ओढली आणि अंधार कुणाच्या वाट्याला दिला, या निर्णयांतच वाटप होऊन गेलेले असते.

विजेचा आणि दारिद्र्याचा हा संबंध आपल्याकडे फार लवकर आणि फार स्पष्टपणे मांडला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ मध्ये विजेच्या धोरणावरच्या समितीपुढे बोलताना त्यांनी प्रश्नच असा विचारला की स्वस्त आणि मुबलक वीज हवी कशासाठी? उत्तर होते, उद्योगीकरणासाठी. आणि उद्योगीकरण कशासाठी, तर पिढ्यान्‌पिढ्या दारिद्र्याच्या फेऱ्यात अडकलेल्या माणसांची सुटका व्हावी यासाठी. नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे १९३० साली सत्याग्रह उभारणारा नेता तेरा वर्षांनी विजेबद्दल बोलत होता. या दोन गोष्टी वेगळ्या मानणे म्हणजे त्यांचे अर्थशास्त्र न वाचणे होय. मंदिराचे दार आणि कारखान्याचे दार, दोन्हींसमोर प्रश्न एकच होता: आत कुणाला घेणार आणि कुठल्या दर्जाने घेणार?

एकलहऱ्याचा पहिला १४० मेगावॅटचा संच १९७० मध्ये सुरू झाला, तेवढ्याच क्षमतेचा दुसरा १९७१ मध्ये. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॅटचे तीन संच आले. याच सुमारास नाशिकचे रूप पालटत होते. ओझरला विमानांचा कारखाना १९६० च्या दशकातच आला होता, सातपूरची औद्योगिक वसाहत भरत होती. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० साली राज्याबरोबरच जन्मले होते, कोयनेची वीज खेळू लागली होती, आणि ‘गाव तिथे वीज’ ही घोषणा खरी वाटावी असे ते दिवस होते.

१९७० आणि १९७१ या दोन वर्षांत आणखी दोन गोष्टी घडल्या. कंत्राटी कामगारांसंबंधीचा केंद्रीय कायदा १९७० साली झाला. जे काम बारमाही आहे, जे उद्योगाचे मूळ काम आहे, तिथली कंत्राटी पद्धत सरकारला बंद करता यावी, अशी तरतूद त्यात होती. आणि १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पुरेसे उष्मांक मिळतील एवढा खर्चसुद्धा १९६०-६१ साली ग्रामीण भागातल्या ४० टक्के आणि शहरांतल्या ५० टक्के लोकांना झेपत नव्हता, हे त्यांनी दाखवले. त्यानंतरच्या दशकातल्या वाढीचा लाभ तळाच्या माणसापर्यंत जवळजवळ पोचलाच नाही, हेही त्यांनी आकड्यांनिशी मांडले. नियोजन, धरणे, पोलाद, वीज हे सगळे चालू असताना हे घडले होते. म्हणजे एका बाजूला संच उभे राहत होते, दुसऱ्या बाजूला त्या संचांच्या उजेडात कोण येणार याचा हिशेब मांडला जात होता.

एकलहऱ्याच्या केंद्राने काही दिले नाही, असे कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. मंडळाची कायम नोकरी ही त्या काळी घरादाराचे नशीब पालटणारी गोष्ट होती. दरमहा ठरलेला पगार, वसाहतीतले घर, औषधपाणी, भविष्य निर्वाह निधी, युनियनचे पाठबळ. कोरडवाहू शेतकऱ्याचा किंवा भूमिहीन मजुराचा मुलगा आयटीआय करून ‘थर्मलला लागला’ की त्याची मुले इंजिनिअरिंगला जात, बहिणींची लग्ने होत, गावाकडे विहीर खोदली जाई. राखीव जागांमुळे ज्यांच्या आजोबांना पाटलाच्या ओट्यावर बसता येत नव्हते, त्यांची नातवंडे नियंत्रण कक्षात बसली. ही सामाजिक उलथापालथ खासगी बाजाराने आपणहून केली नसती. वाढ माणसाला वर उचलू शकते, याचा हा पुरावा आहे, आणि तो विसरून विषमतेवर लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

त्या कायम कामगाराच्या पगारपत्रकातली एक ओळ मात्र मुद्दाम पाहावी. मूळ वेतन, महागाई भत्ता, घरभाडे अशा जमेच्या बाजूनंतर कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ लिहिलेला असतो. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. हा कर कुठून आला? १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमीची कामे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. त्यामागचा विचार वि. स. पागे यांचा. ग्रामीण मजुराला मागेल तेव्हा काम देण्यासाठी पैसा लागणार होता, आणि तो उभा करायला १९७५ मध्ये शहरांतल्या पगारदार आणि व्यावसायिक लोकांवर हा कर बसवण्यात आला. १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. देशाने तो विचार २००५ मध्ये स्वीकारला. एकलहऱ्याच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाच्या पगारातून पेठ-सुरगाण्याच्या किंवा येवला-नांदगावच्या बांधावर खडी फोडणाऱ्या बाईची मजुरी निघत होती. ही दानधर्माची गोष्ट नव्हती, कायद्याने बांधलेली होती. वाढीला वाटणीशी असे जोडता येते. महाराष्ट्राने ते करून दाखवले आहे. या विषयावर बोलताना हताश होण्याचे कारण नाही, असे मला वाटते ते या एका ओळीमुळे.

मग बदलले काय? केंद्राच्या दरवाजाशी पाळी बदलते तेव्हा थोडे थांबून पाहिले तर कळते. आत जाणाऱ्यांचे कपडे, हेल्मेट, बूट जवळपास सारखेच. फरक असतो तो गळ्यातल्या पासाचा. एकाच्या पासावर कंपनीचे नाव, दुसऱ्याच्या पासावर ठेकेदाराचे. कोळसा उतरवणे, कन्व्हेअरखालची सफाई, राख काढणे, बॉयलरची देखभाल ही कामे तेवढीच बारमाही आहेत जेवढी वीज बारमाही आहे. पण ती ठेक्यावर चालतात. ठेका संपतो, नवा ठेकेदार येतो, माणूस तोच राहतो आणि त्याची नोकरी पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. एकाच यंत्राशेजारी उभ्या असलेल्या दोघांच्या मिळकतीत दुपटी-तिपटीचा फरक असू शकतो, आणि मिळकतीपेक्षाही मोठा फरक भरवशाचा असतो: एकाला बँक घरासाठी कर्ज देते, दुसऱ्याला मोटारसायकलसाठीही हमीदार शोधावा लागतो.

हे एकट्या एकलहऱ्याचे नाही, किंवा एकट्या वीज क्षेत्राचेही नाही. संघटित कारखानदारीत या शतकाच्या सुरुवातीला पाच कामगारांत साधारण एक कंत्राटी होता. आज दहांत चार आहेत. १९७० च्या कायद्याने जे दार उघडे ठेवले होते ते सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या निकालाने बरेचसे लोटले गेले: कंत्राटी पद्धत बंद केली तरी त्या कामगारांना आपोआप कायम करण्याचे बंधन मालकावर येत नाही, असे त्यात ठरले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने सरकारी सेवेतल्या हंगामी कर्मचाऱ्यांसाठी ‘समान कामाला समान वेतन’ हे तत्त्व उचलून धरले. या दोन निकालांमधल्या फटीत देशातले लाखो कामगार आज जगत आहेत. वीज कंपन्यांमधल्या कंत्राटी कामगारांनी गेल्या काही वर्षांत वारंवार जी आंदोलने केली, त्यांची मुळे इथे आहेत.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाकडे वळू. २००५ साली वीज मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण अशा वेगळ्या कंपन्या झाल्या. त्याच काळात राज्यात चार-पाच हजार मेगावॅटचा तुटवडा होता. तुटवडा आला की वाटणीचे नियम उघड होतात. मुंबई भारनियमनातून बाहेर राहिली. पुण्यातल्या उद्योगांनी आपल्या जनित्रांची वीज वापरायची आणि त्याचा जादा भार शहरातल्या ग्राहकांनी दरात सोसायचा, अशी तजवीज २००६ मध्ये झाली आणि पुणे शहर लोडशेडिंगमुक्त झाले. ग्रामीण महाराष्ट्र मात्र दिवसाचे दहा-बारा तास अंधारात बसला. पुढे तर गळती आणि वसुली पाहून फीडरच्या, म्हणजे भागाभागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्यांच्या, प्रती लावल्या गेल्या. जिथे बिले कमी भरली जातात तिथे अंधार जास्त, हा हिशेब कंपनीच्या दृष्टीने सरळ होता. पण बिल भरणाऱ्या गरीब घराची शिक्षा शेजाऱ्याच्या थकबाकीवरून ठरू लागली, आणि दहावीच्या वर्षाला असलेल्या मुलीचा अभ्यास फीडरच्या प्रतीवर अवलंबून राहिला.

शेतीचे तर याहून अवघड. पंपाला लागणारी थ्री फेज लाईट आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशी पाळीने येते. रात्री बारा-एकला लाईट येणार असेल तर शेतकरी बॅटरी आणि काठी घेऊन उसात पाणी भरायला निघतो. दारणा आणि गोदावरीच्या काठचा हा सगळा पट्टा बिबट्यांचा आहे. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचेही जीव गेले. थर्मलच्या चिमण्या ज्या शेतांतून दिसतात, त्या शेतांत लोक रात्रीच्या विजेसाठी जीव मुठीत घेऊन जातात. धरण उशाला आणि कोरड घशाला, ही म्हण नाशिक जिल्ह्याला पाण्यासाठी जितकी लागू आहे तितकीच विजेसाठीही आहे. दिवसा वीज देण्यासाठी २०१७ पासून शेतीचे फीडर सौर ऊर्जेवर नेण्याची योजना राज्यात आली, ती मला गेल्या कित्येक वर्षांतली सर्वांत न्याय्य वीज योजना वाटते. २०२४ मध्ये साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज जाहीर झाली. पण रात्री दोन वाजता येणारी वीज फुकट असली तरी तिची किंमत शेतकरी मोजतोच.

राखेविषयी थोडक्यात. सुरुवातीचे दोन बंद झाल्यावर उरलेले तिन्ही संच पूर्ण भाराने चालले तर दिवसाला नऊ-दहा हजार टन कोळसा लागतो, म्हणजे दोन-तीन मालगाड्या भरून. आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राख असते. तिच्यापासून सिमेंट होते, विटा होतात, रस्त्यांचे भराव होतात, आणि त्यावर आज पुष्कळांचे पोट आहे. पण वारा सुटला की ती वाळत घातलेल्या कपड्यांवर, द्राक्षाच्या पानांवर आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीत बसते. वीज कोणत्या शहरात वापरली गेली हे कुणाला सांगता येत नाही, राख कुठे बसली हे मात्र गावातले लहान मूलही दाखवते.

राष्ट्रीय आकडे या पार्श्वभूमीवर वाचावेत. त्यांत दोन चित्रे समोरासमोर उभी आहेत. जागतिक बँकेच्या जुन्या, दिवसाला २.१५ डॉलरच्या रेषेनुसार भारतातले अतिदारिद्र्य २०११-१२ मधल्या १६.२ टक्क्यांवरून २०२२-२३ मध्ये २.३ टक्क्यांवर आले, आणि खर्चाच्या पाहणीवरून मोजलेली विषमता बरीच कमी दिसते. दुसरीकडे पॅरिसच्या विषमता अभ्यासगटाने, ज्यात तोमा पिकेटी आहेत, २०२४ मध्ये मांडले की २०२२-२३ साली देशाच्या उत्पन्नापैकी २२.६ टक्के आणि संपत्तीपैकी ४०.१ टक्के वाटा वरच्या एक टक्का लोकांकडे होता. यांतले एक खरे आणि एक खोटे ठरवण्याची घाई करू नये. दोन्ही मोजमापे वेगळ्या गोष्टींची आहेत. घरोघरची पाहणी खर्च मोजते. श्रीमंत माणूस उत्पन्नाचा मोठा भाग खर्च करतच नाही, आणि पाहणीला येणाऱ्या माणसाला त्याच्या फाटकातून आत शिरणेही कठीण. संपत्तीचा अंदाज करांच्या नोंदी, समभागांच्या किमती आणि श्रीमंतांच्या याद्यांवरून बांधावा लागतो, त्यात तर्काचा भाग येतो. माझे मत असे की तळाची माणसे थोडी वर आली आणि शिखरावरची त्याहून कितीतरी पट वर गेली, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडल्या आहेत. एकलहऱ्यात हेच दिसते. कंत्राटी कामगाराच्या घरात आज गॅस आहे, मोबाइल आहे, पक्के छत आहे. त्याच्या बापाकडे यांतले काही नव्हते. पण त्याच्या बापाला कायम नोकरी लागण्याची आशा होती, ती त्याला नाही.

आणखी एक आकडा मला या सगळ्यांपेक्षा बोलका वाटतो. २०२३-२४ च्या श्रमशक्ती पाहणीप्रमाणे देशातले ४६ टक्के काम करणारे हात शेतीत आहेत, आणि शेतीचा राष्ट्रीय उत्पन्नातला वाटा १८ टक्क्यांच्या आसपास. २०१८-१९ मध्ये शेतीतले हात ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते पुन्हा वाढले. देश वाढतो आहे आणि माणसे शेताकडे परत येत आहेत. निम्म्या घराने पाचव्या हिश्श्यात भागवायचे, असा हा संसार आहे.

नाशिक जिल्ह्यात याचा अर्थ प्रत्यक्ष पाहता येतो. दिंडोरी आणि निफाडची द्राक्षे युरोपात जातात. त्या बागांतली छाटणी, विरळणी, डिपिंग करायला सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतून आदिवासी मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या गावांत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये बाया विहिरीच्या तळाशी उतरून वाटीने पाणी भरतात. सह्याद्रीच्या कुशीत पडलेले पाणी धरणांत अडते आणि शहरांकडे, कालव्यांकडे जाते. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत गेलेल्या शेतकरी मोर्चात हीच माणसे मोठ्या संख्येने होती. कसत असलेली वनजमीन नावावर करा, ही त्यांची मुख्य मागणी होती. त्यांच्या पायांच्या फोडांची छायाचित्रे देशभर गाजली. मागणीचे कागद पुढच्या मोर्चापर्यंत फिरत राहिले. द्राक्षबागायतदार आणि त्याचा मजूर यांच्यातली दरी खरी आहे, पण बागायतदारही निर्यातीच्या धोरणापुढे हतबलच असतो. डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली आणि मे २०२४ पर्यंत राहिली, तेव्हा लासलगावच्या बाजारात काय झाले हे या भागात कुणाला समजावून सांगावे लागत नाही. शहरातल्या ग्राहकाला कांदा स्वस्त मिळावा म्हणून उत्पादकाचा भाव पाडणे हेही वाटपच आहे, फक्त ते अर्थसंकल्पात लिहिलेले नसते.

सिन्नरचे उदाहरण एकलहऱ्याशेजारी ठेवले पाहिजे. गुळवंच-मुसळगाव परिसरात विशेष आर्थिक क्षेत्रासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या आणि तिथे १३५० मेगावॅटचा खासगी औष्णिक प्रकल्प उभा राहिला. वीज खरेदीचा करार नव्हता, कोळशासाठीचा रेल्वेमार्ग रखडला, आणि संच वर्षानुवर्षे ठप्प राहून प्रकल्प दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेला. गुंतवणुकीच्या आकड्यांत तो ‘वाढ’ म्हणून धरला गेला असणार. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांना ना रोजगार मिळाला ना वीज. एकलहऱ्याच्या मंडळाने निदान नोकऱ्या दिल्या होत्या. सिन्नरला जमीन देणाऱ्यांच्या हाती मोबदल्याखेरीज काही आले नाही, आणि तो मोबदला घर, लग्न, गाडी यांत संपल्यावर पुढच्या पिढीला उरले ते मजुरीचे काम.

एकलहऱ्याचे पुढे काय, हा प्रश्न आता दारात आहे. १९७०-७१ चे दोन्ही संच २०११ च्या सुमारास बंद झाले. उरलेल्या तिघांचे वय चाळिशी ओलांडून पुढे गेले आहे. कोळसा विदर्भातून आणि त्याही पलीकडून शेकडो किलोमीटर रेल्वेने आणावा लागत असल्याने इथली वीज महाग पडते, आणि स्वस्त वीज आधी घ्यायची या मेरिट ऑर्डरच्या नियमाने इथले संच अनेकदा थांबवून ठेवले जातात. ६६० मेगावॅटच्या नव्या संचाची मागणी या भागातून पुन्हा पुन्हा होते. कोळशाचे युग उताराला लागले असताना ती कितपत टिकेल, याविषयी या पुस्तकातल्या लेखकांतही मतभेद आहेत आणि ते मुद्दाम तसेच ठेवले आहेत. मला स्वतःला नवा कोळसा संच नको वाटतो. मात्र संच बंद होतात तेव्हा कायम कामगाराची दुसऱ्या केंद्रावर बदली होते, कंत्राटी कामगाराचा ठेका संपतो आणि चहाच्या टपरीवाल्याला तर कुणी कळवतही नाही, हे दिसत असताना केवळ हवामानाच्या बाजूने बोलून मोकळे होता येणार नाही.

म्हणून वाचकांनी पुढचे लेख वाचताना हे प्रश्न सोबत ठेवावेत. केंद्रात आजवर राबलेल्या कंत्राटी कामगारांची, त्यांच्या एकूण सेवावर्षांसह, नोंदवही आहे का, आणि नसेल तर ती करायची जबाबदारी कुणाची? संपादित झालेली जमीन आणि राखेचे बंधारे मोकळे झाल्यावर त्यांच्यावर पहिला हक्क कुणाचा? इथे सौर किंवा साठवणुकीचा प्रकल्प आला, तर त्यातले प्रशिक्षण आणि नोकऱ्या एकलहरे, हिंगणवेढे, कोटमगाव, सामनगावच्या मुलामुलींना कोणत्या अटींवर मिळतील? १९७५ साली एका राज्याने पगारदारांच्या कमाईतून मजुराच्या हक्काची तरतूद केली होती. तशीच, कोळशाच्या विजेवर वाढलेल्या उद्योगांकडून आणि शहरांकडून थोडा अधिभार घेऊन, अशा गावांसाठी निधी उभारता येईल, आणि त्याचा कायदा संच बंद होण्याच्या आधी झाला पाहिजे, नंतर नव्हे.